पंधरावी ओळ

सरपंचांनी वहीचा फाडलेला कागद दिला.
वर लिहिलेलं : गावची भूषणं.
खाली चौदा नावं.
पत्रा सहा बाय चार, जमीन पांढरी, अक्षर निळं,
मजुरी ठरली, चहा वेगळा.

मी मिरजेचा पेंटर, फक्रुद्दीन.
दुकानावर नुसतं ‘फकरू’.
आजवर गुळाचे अडते रंगवले, दातांचे डॉक्टर, बँडपार्ट्या,
एका निवडणुकीत एकाच भिंतीवर
आठ दिवसांत तीन पक्ष.
इतिहास हा पहिलाच.

पहिलं नाव, सुभेदार ग्यानू आरबुने.
बसऱ्याला दोन पाय घेऊन गेले,
एक पाय आणि दोन पदकं घेऊन आले.
मग भरमू वस्ताद, पाडलेल्या गड्याला
मैदानातच खारीक देणारे.
इंदूताई उपाध्ये, पहिल्या मॅट्रिक.
बेचाळीसला तारा तोडणारे दोघे भाऊ,
ज्यांच्या घरात आजही मीटरवरून भांडण आहे.

पेंटर ब्रश उचलतो तेव्हा मागं गाव गोळा होतं.
सुभेदारांचा नातू म्हणाला,
‘आमच्या आज्याचं अक्षर वस्तादापेक्षा बारीक का?’
मी पट्टी लावून दाखवली.
त्यानं पट्टीवर विश्वास ठेवला नाही.

दुपारी भाकरी घेऊन संगमाकडं निघालो
तर मागनं हाक आली,
‘पेंटर, पाय जपून! खाली पेव हाय.’

एक म्हातारी, शेरडं घेऊन.
हळदीची पेवं मी ऐकून होतो :
वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड,
खाली दोन पुरुष खोल पोट,
वर्षानुवर्षं हळद झोपायची त्यात, किडीवाचून.
महापुरात बहुतेक ढासळली.
आता जागोजाग खळगे, त्यात घाणेरीचं रान.

‘माझा आजा दौलू. कंदील सोडायचा.’
पेव उघडलं की दिवसभर वारं प्यायला ठेवायचं.
मग दौलूनं दोराला कंदील बांधून
हात हात खाली सोडायचा.
ज्योत जळत राहिली तर माणसं उतरणार.
विझली तर दौलू म्हणणार,
‘आज न्हाई.’

वर गाड्या जुंपलेल्या. भाव चढलेला.
पेठेतले शेठ घड्याळ काढून बघताहेत.
‘आज न्हाई.’
एकदा थोबाडीत बसली त्याच्या.
दुसऱ्या हातानं गाल चोळला,
दोराचा हात सोडला नाही.

‘चाळीस वर्सं,’ म्हातारी म्हणाली,
‘एक मानूस आत ऱ्हायला न्हाई.’
मी विचारलं, ‘मग नाव का नाही कागदावर?’
‘काय झालंच न्हाई की, बाबा.
काय लिवायचं?’
आणि शेरडं हाकत गेली.

संध्याकाळी सरपंचांना म्हटलं, एका ओळीची जागा उरतेय.
ते भले माणूस. म्हणाले, फोटो आहे? पदक?
कुठल्या दप्तरात नोंद?
मग म्हणाले, चौदाच मंजूर आहेत ठरावात.

चौदा नावं पुरी केली.
खाली उजव्या कोपऱ्यात
पेंटर आपलं नाव घालतो, फोन नंबर घालतो.
ती जागा माझी. तिला ठराव लागत नाही.
झिरो नंबरचा ब्रश घेतला.
नंबर माझाच टाकला.
त्याच्या आधी लिहिलं, दौलू.

उद्घाटनाला नारळ फुटला, फेटे उडाले,
कोपरा कुणी वाचला नाही.

पण आता फोन येतात.
तासगावहून, पलूसहून, एकदा पार विट्याहून :
‘दौलू पेंटर का? तुमचं अक्षर बघितलं.
बोर्ड पायजे. उद्या साहेब येणारेत,
आजच्या आज करून द्या, पैशाचं बघू.’

मी दारात येतो.
कृष्णेवरून ओला वारा.
पत्र्यावर बोट ठेवतो, कालचा निळा
अजून बोटाला लागतो.

आणि त्याच्याच आवाजात सांगतो,
जो मी कधी ऐकला नाही :
आज न्हाई.